सातव्या कडव्याचे जादा पैसे

सोल्वायच्या सत्तराव्या वाढदिवसाला आठ दिवस उरले, तेव्हा तिच्या नवऱ्याला, म्हणजे टॉर्किलला, कळले की यंदा गाणे त्यालाच करायचे आहे. डेन्मार्कच्या जटलंड भागातल्या त्यांच्या गावात पाहुण्यांनी मिळून गायचे गाणे नसेल, तर वाढदिवस झाला असे कोणी मानत नाही. आजवर सगळ्या घराची गाणी साडू आयनर रचत आला होता. यंदा त्याने हात वर केले.

"बायको तुझी, गाणंही तूच कर," तो फोनवर म्हणाला. "चाळीस वर्षं नुसत्या टाळ्या वाजवल्यास की!"

टॉर्किलचा जन्म सायकली दुरुस्त करण्यात गेला होता. दोन दिवस पेन्सिल चावूनही 'सोल्वाय'ला जुळणारा एक शब्द सापडेना. तिसऱ्या दिवशी इंटरनेटवर जाहिरात दिसली: 'वाढदिवसाचे गाणे, फक्त दोनशे नव्याण्णव क्रोनर!' त्याने खुशीत बटण दाबले. पडद्यावर लगेच अक्षरे उमटली: 'यमक हवे असल्यास चाळीस क्रोनर जादा.'

त्याने तडक फोन लावला.

"यमकाशिवाय गाणं कसलं हो?"

"मूळ दरात ओळी येतात," पर्निल नावाची बाई गोड आवाजात म्हणाली. "यमक ही जादा सोय आहे."

"आणि बायकोचं नाव?"

"एकदा फुकट. प्रत्येक कडव्यात हवं असेल, तर आपुलकी पॅकेज घ्या. त्यात वयाचा उल्लेखही टाळला जातो."

"वय न लिहिण्याचे पैसे?"

"चुकून लिहिलं जाऊ नये म्हणून लक्ष ठेवावं लागतं ना!"

टॉर्किलने यमक घेतले, आपुलकी घेतली, पाहुण्यांना येत असलेली चालही घेतली. मग एक अर्ज आला. त्यात एक रकाना सक्तीचा होता: 'पत्नीला आजवर न सांगितलेली एक गोष्ट.' त्याने 'काही नाही' लिहिले. अर्ज पुढे सरकेना. 'आठवत नाही' लिहिले, तर आधी भरलेले सगळेच पुसले गेले. तिसऱ्या खेपेला त्याचा संयम सुटला आणि त्याने खरे ते लिहून टाकले. शहाऐंशी साली सोल्वायचे लाडके मांजर मॉन्स पळून गेले नव्हते. गाडी मागे घेताना ते टॉर्किलच्या चाकाखाली आले होते, आणि त्याने ते गुपचूप सफरचंदाच्या झाडाखाली पुरले होते. हे कुठलेसे यंत्र वाचेल आणि विसरेल, असे त्याला वाटले.

वाढदिवसाला गावच्या सभागृहात बेचाळीस पाहुणे जमले. टेबलांवर छोटे झेंडे होते. भाजलेले मांस संपले आणि कंपनीकडून आलेले मोहोरबंद खोके उघडून गाण्याचे कागद वाटले गेले. पहिली पाच कडवी अशी रंगली की सोल्वायने दोनदा डोळे टिपले आणि आयनरचे तोंड बघण्यासारखे झाले. मग सगळ्यांनी तोंडभरून सहावे म्हटले:

"घरात मांजर गुणी होते, मॉन्स त्याचे नाव,
एके दिवशी गेले कुठे? टॉर्किललाच ठाव!"

त्याखाली बारीक अक्षरांत होते: 'सातव्या कडव्यासाठी हा चौकोन फोनने टिपा. साठ क्रोनर.'

मग खिशाखिशांतून फोन बाहेर निघू लागले.

टॉर्किल कोट टांगायच्या खोलीत धावला. "सातवं कडवं रद्द करा! आत्ताच्या आत्ता!"

"करू की," पर्निल म्हणाली. "तीनशे क्रोनर."

"घ्या!"

"एक मिनिट... तुमच्या सभागृहातून तेवीस जणांनी मागणी केलीय. मागणी वाढली की रद्द करण्याचा दरही वाढतो. सहाशे."

"अहो, त्यातला एक माझा साडू आहे!"

"पहिलं नाव त्यांचंच. त्यांनी 'मोठ्याने वाचून दाखवणे' हेसुद्धा घेतलंय. नऊशे झाले बघा."

"बरं बाई, नऊशे!"

"अरेरे, उशीर झाला. कडवं आत्ताच विकलं गेलं. एकाच गिऱ्हाइकाला, कायमचं. बाकीच्यांचे पैसे परत."

"कोणी घेतलं?"

"गिऱ्हाइकाचं नाव सांगण्याचे—"

त्याने फोन बंद केला आणि कोटांच्या गर्दीत क्षणभर तोंड खुपसून उभा राहिला. मग आत गेला.

आयनर आपला फोन टेबलावर आपटत होता. सोल्वाय मात्र चष्मा लावून आपल्या फोनमध्ये वाचत होती, सावकाश, एकेक ओळ. वाचून झाल्यावर तिने फोन पर्समध्ये टाकला आणि पर्सची कडी लावली.

"काय झालं होतं मांजराचं? सांग ना गं!" आयनर ओरडला.

"केक कापायला घ्या," सोल्वाय म्हणाली.

टॉर्किल तिच्या शेजारी बसला. त्याचे कान लाल झाले होते. "सोल्वाय, मी..."

"तीन आठवडे," ती हळू आवाजात म्हणाली. "तीन आठवडे माझ्याबरोबर गावभर 'मॉन्स, मॉन्स' करत फिरलास. हातात माशांची बशी घेऊन!"

"तू रडत होतीस गं. सांगणार कसं?"

तिने मान खाली घातली. तिचे खांदे हलू लागले. ही रडते आहे असे वाटून त्याने रुमाल पुढे केला. पण तिला हसू आवरत नव्हते.

"आणि सगळ्यांत मोठ्यानं तूच हाका मारायचास रे!"

टॉर्किलचा जीव भांड्यात पडला. "म्हणजे माफ केलंस?"

"केलं," सोल्वाय म्हणाली आणि त्याच्या बशीतला केक आपल्या बशीत ओढून घेतला. "विसरण्याचे मात्र वेगळे पडतील."