ड्रॅगनच्या पंगतीतले मोतीरामभाऊ

मोतीरामभाऊ एकटे राहतात. तरीही रोज दुपारी चारच्या सुमाराला त्यांच्या घरातून आवाज येतो, "घ्या जी! थोडंसं घ्या! अजून एक घ्या, काही होत नाही!"

आमच्या दोन घरांत एकच भिंत आहे. त्यामुळे ऐकण्याचं पाप माझ्या माथी नाही, भिंतीच्या माथी. पहिल्या दिवशी वाटलं, पाहुणे आले. दुसऱ्या दिवशी वाटलं, पाहुणे मुक्कामाला राहिले. मग मात्र मला राहवेना. वाटीभर साखर मागायच्या निमित्तानं गेले, तर हा सत्तरी ओलांडलेला माणूस कानाला हेडफोन लावून कंप्युटरसमोर बसलेला, आणि पडद्यावर बैलबंडीएवढ्या तोंडाचा एक सरडा आग ओकत होता.

"बसा वहिनी," ते मान न वळवता म्हणाले. "पंगत चालू आहे."

त्यांचा मुलगा नोकरीला पुण्याला गेला आणि कंप्युटर मागे राहिला. त्यात हा खेळ होता. ठिकठिकाणची माणसं आपापल्या घरी बसून एका टोळीत लढतात. कोणी ढालवाला, तो पुढे उभा राहून मार खातो. कोणी जादूगार. कोणी निव्वळ वैद्य. मोतीरामभाऊ यांतले कोणीच नाहीत आणि थोडेथोडे सगळेच आहेत. एका हातात गदा, दुसऱ्या हातातून हिरवा उजेड. अर्धा पहिलवान, अर्धा वैद्य. याला म्हणे 'सपोर्ट' म्हणतात. प्रत्येकाच्या डोक्यावर जिवाची एक पट्टी असते. मार बसला की ती रिकामी होते, आणि मोतीरामभाऊंनी हिरवा उजेड सोडून ती भरायची.

"हे काहून निवडलं, भाऊजी? तलवारवाले व्हायचं ना."

"तलवारवाल्याले वाढता येत नाही ना जी."

आता खुलासा केला पाहिजे. मोहाडीपासून कारध्यापर्यंत लग्न कोणाचंही असो, पंगतीत वाढायला मोतीरामभाऊ हजर. आमंत्रण असो नसो. एका हातात वरणाची बादली, खांद्यावर दुपट्टा, आणि तोंडात एक सिद्धांत: "जेवणाऱ्याचं 'नको' ऐकाचं नसते. तो नुसता आवाज असते."

त्या सिद्धांताचा मीही मार खाल्लेला आहे. मी भंडाऱ्याची. लग्नात स्वतःला फार नाजूक समजायची. मैत्रिणीनं कानात सांगितलं होतं, सासरच्या पहिल्या पंगतीत चिमणीएवढं खायचं, छाप पडते. सकाळपासून उपाशी, पोटात बँडबाजा वाजतोय, आणि मी आपली पत्रावळीवर आडवा हात धरून मान वाकडी करून "नको, नको" करत बसले. बुंदीची परात घेऊन आलेल्या एका दांडग्या पोरानं, म्हणजे याच मोतीरामभाऊंनी, सरळ माझ्या बोटांच्या फटीतून बुंदी सोडली. मेंदीवर बुंदी, बांगड्यांत बुंदी. मी डोळे वटारले. मग चिमणीनं ती सगळी बुंदी संपवली आणि वर मठ्ठा मागितला. सासूबाई शेवटपर्यंत मला 'आमची चिमणी' म्हणत. कितीतरी वर्षं मला ते कौतुक वाटत होतं.

तर मोतीरामभाऊ खेळातही तसेच वाढतात. ज्याची पट्टी काठोकाठ भरलेली, त्यालाही आग्रह. टोळीची कॅप्टन नागपूरची एक पोरगी आहे. ती ओरडते, "काका, मी फुल आहे! वाया काहून घालवून राहिले?"

"असू दे बेटा. आगीसमोर उभी आहेस. जराशी घे."

आणि स्वतःला? थेंब नाही. वाढणारा शेवटी जेवतो, ही पंगतीची रीत. पण सरड्याला रीत कोण सांगणार? दर लढाईत सगळ्यांत आधी मोतीरामभाऊ मरतात, आणि मग वाढायलाच कोणी नाही म्हणून बाकीची टोळी.

एका दुपारी मी ताक घेऊन गेले तेव्हा कॅप्टन स्पीकरवर बोलत होती. "काका, राग नका मानू. पण या रविवारीही तुम्ही पहिले मेले, तर आम्हाले दुसरा सपोर्ट पाहावा लागेल."

"बरोबर आहे बेटा," म्हणाले आणि कंप्युटर बंद केला. ताकाला हात लावला नाही.

मी चेष्टेवारी न्यायला पाहिलं. "त्यात काय एवढं? एक बटण स्वतःसाठी दाबायचं."

"हातच जात नाही, वहिनी." ते खिडकीबाहेर पाहत राहिले. "आता लग्नात समदीकडे बुफे. ज्याचं त्यानं घ्याचं. मले कोणी बलावते, तर जेवाले बलावते. वाढाले कोणी बलावत नाही. ही एक पंगत राहिली होती."

मी टवाळी न करताच घरी आले. असं क्वचित होतं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याच स्पीकरवरून कॅप्टनशी बोलले. "बाई, तुझ्या टोळीत एक म्हातारी घेशील काय?" ती इतकी हसली की नाही म्हणायचं विसरली. तिच्या भावाची परीक्षा होती, त्याचं पात्र रिकामं होतं. खेळ मोबाइलवरही चालतो, तेव्हा ते तिनं मला दिलं. टोकदार कानांची वैद्यीण, मुठीत मावेल अशी कंबर. तशी माझी लग्नातही नव्हती, पण होती असं मी नातवंडांना सांगून ठेवलंय.

"आजी, तुम्ही एकच बटण दाबायचं."

"कोणासाठी ते मी ठरवीन," मी म्हटलं.

रविवारी दोघं शेजारी बसलो. सरड्यानं तोंड उघडलं. मोतीरामभाऊ पंगतीत शिरले. "घे बेटा! तू पण घे! अरे, ढालवाल्याले कोणी पाहिलं काय?" त्यांची स्वतःची पट्टी लाल झाली. मी बटण दाबलं.

"मले कायले? त्या पोराले द्या!"

"तुमचं 'नको' मी ऐकत नाही. तो नुसता आवाज आहे."

मग मी दुसऱ्या कोणाकडे पाहिलंच नाही. ते धावत होते, वाढत होते, भाजत होते, आणि मी त्यांच्यामागे उजेड घेऊन. एकदा चुकून भिंतीला वाढलं. कॅप्टन किंचाळली, पण सरडा पडला. अख्खी टोळी उभी होती.

"काका, तुम्ही चक्क जिवंत!" ती म्हणाली. "पुढच्या रविवारी या. आजीले घेऊनच या."

मोतीरामभाऊंनी हेडफोन काढला. बराच वेळ चष्मा पुसला. मग म्हणाले, "भूक लागली जी."

ते ओट्यापाशी गेले आणि उभ्यानंच कुकरात चमचा घातला. त्यांची बायको, गिरजावहिनी, वारल्यापासून ते असेच जेवतात. दोघं मिळून गाव जेवू घालायचे आणि सगळ्यांच्या मागून एकमेकांना वाढून घ्यायचे. घोडा उभ्यानं झोपतो आणि आमचे भाऊजी उभ्यानं जेवतात, अशी टवाळी मी गावभर केलेली होती.

"बसा," मी म्हटलं.

ते बसले. मी ताट मांडलं, भात वाढला, वर वरण. दुसऱ्यांदा भात घेऊन वाकले, तर त्यांनी ताटावर आडवा हात धरला. "नको जी. बस झालं."

मी बोटांच्या फटीतून वाढलं.