कादंबरीला पाणी लागलं न्हाई

पुस्तक परत करताना ज्ञानोबाकाका ते टेबलावर ठेवत नाहीत, आपटतात. मग खुर्ची ओढून त्यातल्या नायकाची उलटतपासणी घेतात. नायक हजर नसतो, म्हणून उत्तरं मला द्यावी लागतात. कुरुंद्याच्या वाचनालयात मी ग्रंथपाल म्हणून लागले, तेव्हा हे काम मला कुणी सांगितलं नव्हतं.

काकांची हळदीची शेती, मिशा बघून पोरं वाट सोडतात, आणि वाचायला लागतं काय, तर प्रेमकथा! लोक हसतात, काकांना त्याचं काही नाही. शेरा ठरलेला. "बराबर हाय, पण पाणी लागलं न्हाई." बोअर घेतल्यासारखी कादंबरी खोदतो हो हा माणूस.

मागे एकदा त्यांना एक नवी गोडगोड कादंबरी दिली. डोंगरातलं गाव, केकचं दुकान चालवणारी मुलगी, शहरातून आलेला मुलगा, एक मांजर, शेवटी लग्न. दुसऱ्याच दिवशी काका हजर. दोघं एकदाही भांडले कसे नाहीत, पाणी कोण भरतं, सासू कुठं मेली, सगळं विचारून झालं. मी म्हटलं, काका, मनाला बरं वाटावं म्हणून लिहिलंय, सोडून द्या. तर त्यांनी पान उघडून बोट ठेवलं. मुलगी रुसते, मुलगा खीर घेऊन येतो, मुलगी हसते.

"तिला खीर आवडती, हे ह्याला कळलं कसं?"

कळलं असेल कसंतरी, मी म्हटलं.

"कसंतरी म्हंजे? तेच तर लिवायचं सोडलं ना, ताई."

आवाज एवढा चढला की पेपर वाचणाऱ्यांनी माना वर केल्या. मीही चिडले. एका खिरीसाठी काहून डोकं खाऊन राहिलात, असं सरळ विचारलं.

काकांनी पुस्तक मिटलं. मग हळू आवाजात सांगायला लागले. त्यांची बायको, गयाकाकू, तापातून उठल्या, पण अन्नावरची वासनाच उडाली. डॉक्टर म्हणाले, आवडीचं काहीतरी करून घाला.

"मला ठावंच न्हाई तिला काय आवडतं. आमच्यात आधी गडीमाणसं जेवतेत. ती मागून, चुलीपाशी. तिचं ताट मी कधी पाह्यलंच न्हाई."

मला राग आला, खोटं कशाला बोलू. म्हटलं, पुस्तकाला काय विचारता, काकूंना विचारा की. तर म्हणाले, आता ह्या वयात लाज वाटती.

त्यानंतर काका फिरकलेच नाहीत. काकूंनी काही खाल्लं की नाही, याचा मला घोर लागला. शेवटी मीच घरी गेले.

काकू बाजेवर बसून जेवत होत्या. भाकरी आणि अंबाडीची भाजी. शेजारी काका, त्यांच्या ताटातही तेच. काकांना अंबाडीचा वाससुद्धा चालत नाही, म्हणून लग्नापासून त्या घरात ती शिजली नव्हती. आज काकांनीच, काकूंना काय आवडतं ते विचारून, शिजवली होती. हे सगळं काकूंनीच सांगितलं आणि वर म्हणाल्या, "आधी इचारलं असतं तर कवाच सांगितलं असतं."

काका मान खाली घालून जेवत होते. घासाघासाला तोंड वाकडं होत होतं. मी विचारलं, कशी झालीय?

"लई आंबट," काका म्हणाले, आणि पुन्हा वाढून घेतली.