माटुंग्याहून लाडवांवर पहारा

आमच्या घरचा लाडू माझ्या नजरेतून सुटत नाही. समोरच्या बिल्डिंगमध्ये डब्याचं झाकण वाजलं, तरी मी इथून सांगते कोणाकडे किती उरले. पण यंदा पेच आला. लेकीचा, प्रितीचा पाय मुरगळला आणि मला आठवडाभर माटुंग्याला जावं लागलं. नायगावच्या घरी हे एकटे, आणि सोबतीला पाहुण्यांसाठी केलेले बेसनाचे लाडू.

आम्हा दोघांनाही साखर. डॉक्टर म्हणालेत, पुढच्या तपासणीत ज्याची वाढलेली दिसेल त्याला रोज इंजेक्शन. कोणाची वाढणार ते मला ठाऊक होतं. ह्यांना शीव कोळीवाड्यात वाळत घातलेल्या बोंबलांत उभं केलं, तरी तुपाचाच वास येतो.

मी नातीला, प्रितीच्या रुचाला गाठलं. "तुमच्या जेवणाच्या टेबलाच्या वर, भिंतीला मांजरीसाठी कॅमेरा आहे ना? तसा माझ्या स्वयंपाकघरात लाव. मी माटुंग्याहून बघीन."

"लावते. पण आजी, तुझ्या इंटरनेटला स्वतःचा पत्ताच नाही. तुमच्या सगळ्या टॉवरला मिळून एक. बाहेरून तुझं घर सापडणार नाही."

"फसवलं की काय मेल्यांनी?"

"नाही गं. तूच सांगतेस ना, चाळीत वाण्याकडे एकच फोन होता?"

"होता. आपण बाहेर लावायचो. आपल्याला कोणी लावला की वाणी म्हणायचा, कुठली मीनाक्षी? इथे सात आहेत."

"तसंच हे. म्हणून तुझ्या घरातली कॅमेऱ्याला जोडलेली पेटी स्वतःच बाहेर फोन लावणार, मी भाड्याने घेतलेल्या एका कॉम्प्युटरला. आणि लाइन धरून बसणार. आपणही इथून त्यालाच लावायचा. तो दोन्ही घरं जोडून देतो."

"आणि तो भाड्याचा माझं स्वयंपाकघर बघत बसला तर?"

"कुलूप आहे. किल्ली फक्त घरच्यांकडे."

माझं काही समाधान झालं नाही. पण लाडू महत्त्वाचे.

माटुंग्याला दुसऱ्याच दुपारी मी जेवणाच्या टेबलाशी बसून मोबाईल उघडला. हे स्वयंपाकघरात आले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, फळीवरचा डबा काढला आणि कॅमेऱ्याकडे पाठ करून बसले. जरा वेळाने खांदे हलायला लागले.

"रुचा, बघ. चावतायत."

"आजी, काहीच दिसत नाहीये."

"दिसायचंय काय? लाडवाशिवाय माणसाचे एवढे खांदे हलतात का?"

मी फोन लावला. "काय करताय?"

"हॉलमध्ये पेपर वाचतोय."

आवाज जरासुद्धा कापला नाही हो! मला संशय आला की भूक लागते. प्रितीला बघायला आलेल्या कोणीतरी जिलब्या आणल्या होत्या, त्यातली एक कधी तोंडात गेली कळलंच नाही. तिकडे खांदे आणखी हलले. मी दुसरी घेतली. मग तिसरी.

फोन वाजला. हेच.

"अगं, चौथी खाली ठेव."

मी ताटली पदराखाली घेतली.

"पदराखालचीही दिसतेय. मांजरसुद्धा बघतेय तुझ्याकडे."

मी वर बघितलं. मांजरीचा कॅमेरा. मग रुचाकडे बघितलं.

"तो दोन्ही घरं जोडतो म्हटलं होतं ना," ती म्हणाली. "आजोबांनी किल्ली मागितली, मी दिली. ते काय बाहेरचे आहेत?"

"आणि तो डबा कशाला काढलात?" मी फोनवर ओरडले.

"मोबाईल टेकवायला. तुझा पहारा बघून हसून हसून हातातून पडत होता."

पुढे तपासणी झाली. इंजेक्शन कोणाला लागलं ते विचारू नका. एवढंच सांगते, सुई टोचायला हे छान शिकलेत. हात अगदी हलका आहे ह्यांचा.