धनेशाची ढोली आणि डोंगरापलीकडची हवा

बसलात का मुलांनो नीट? मोबाइल उलटा ठेवा. हं. तर एका जंगलात, म्हणजे गजबजवन नावाच्या अफाट मोठ्या जंगलात, दिगंबर नावाचा एक धनेश पक्षी राहत होता. चोच होडीएवढी आणि चिंता त्याहून मोठी.

धनेशांची एक रीत आहे. अंडी घालायची वेळ आली की मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि दार आतून चिखलानं लिंपून घेते. चोचीपुरती फट तेवढी ठेवते. पिल्लं मोठी होईपर्यंत नवऱ्यानं बाहेरून उंबरं आणून भरवायची. एकदा लिंपलं की लिंपलं. मग घर बदलणं नाही.

तर दिगंबरची बायको इंदुमती म्हणाली, "अहो, पळस फुललाय. इथंच राहायचं की डोंगरापलीकडं निवांतवनात जायचं, ते एकदाचं ठरवा. मला दार लिंपायचंय."

"ठरवतो की. घाई कसली?"

आणि तो ठरवायला बसला. सकाळी त्याला वाटे, जावं. गजबजवनात एकेका वडावर इतकी बिऱ्हाडं, की कूस बदलायची तर शेजाऱ्याला विचारावं लागे! दुपारी वाटे, राहावं. इथं उंबर दारात, सासुरवाडी शेजारच्या फांदीवर. संध्याकाळी वाटे, अरे, म्हणूनच तर जायचं!

त्यानं घुबडाला विचारलं. घुबड म्हणालं, "बदल चांगला. न बदलणंही चांगलं." आणि डोळे मिटून घेतले. सगळे म्हणाले, काय गाढा अभ्यास!

घरी मात्र दिगंबरचं रोज एकच पालुपद. "तिथली हवा, इंदू! शांतता तर अशी, की पान गळलं तरी शेजारी विचारायला येतात, काय पडलं म्हणून."

"मग जायचं?"

"तसं नव्हे गं. मी आपला विचार करतोय."

शेवटी तो स्वतःच निवांतवन बघायला गेला. तिथं त्याला एक म्हातारा धनेश भेटला.

"गजबजवनचे का तुम्ही? नशीबवान आहात!" म्हातारा म्हणाला. "इथं उंबरं पिकतात ती पावसाळा सरल्यावर. तोवर शांतता खायची का?"

दिगंबरच्या डोक्यात लख्ख उजाडलं. ठरलं! कुठंही जायचं नाही! आनंदानं कोलांट्या मारत तो घरी पोचला. पाहतो तर ढोलीतून पोपटीण डोकावतेय.

"वहिनी सकाळीच गेल्या निवांतवनात," ती म्हणाली. "जागा आम्हाला दिली. पाय पुसून या हं."

दिगंबर तसाच माघारी उडाला. निवांतवनातल्या एका झाडावर ओला चिखल दिसला. चिखलात फट. फटीत ओळखीची चोच.

"इंदू! अगं, हे काय केलंस?"

"रोज ऐकून ऐकून मला आवडलं हो निवांतवन. म्हटलं, तुमच्या डोक्याला ताप नको. काय हवा आहे, नाही?"

"पण इथं उंबरं नाहीत!"

"मग कुठं आहेत?"

"गजबजवनात."

"आणा की मग. भूक लागलीय."

तेव्हापासून दिगंबर रोज डोंगर ओलांडतो. जाताना रिकामी चोच, येताना भरलेली. कुणी विचारलं, "सध्या मुक्काम कुठं?" तर "वाटेत," म्हणतो आणि थांबत नाही. तब्येत मात्र झकास झालीय. विचार करायला वेळच नाही ना!

तात्पर्य : कोणत्या शहरात राहावं याचा विचार भरपूर करावा आणि तो घरात मोठ्यानं करावा. निर्णय आपोआप होतो. आपल्याकडं उरते ती फक्त ये-जा.