पाणी कोण आणतं?

घोडमारे सरांच्या शोकसभेत मी त्यांच्या पाण्याची गोष्ट सांगितली. लोक हसले, एकदोघांनी हसता हसता डोळे पुसले, आणि मी खाली बसलो. गोष्ट अर्धीच सांगितली होती. उरलेली अर्धी मी त्याआधीही बरीच वर्षं टाळत आलो होतो. अजूनही टाळली असती, पण आता टाळण्याचाही कंटाळा येतो.

पाण्याची गोष्ट अशी. गोविंद घोडमारे कुणाच्याही घरी गेले की खुर्चीला पाठ टेकायच्या आत म्हणायचे, "जरा पानी भेटन काय जी?" तहान लागलेली नसायची. नागपुरात पाहुण्याला पाणी न मागताच मिळतं. यांना मात्र मागायचंच असायचं. आणि मागून झालं की ते घरातल्या माणसांकडे टक लावून पाहायचे. कोण उठतं? कोण जागच्या जागी बसून आत हाक मारतं? कोण पायावर पाय टाकून मोबाईल बघत राहतं? पेला आला की तो आणणाऱ्या व्यक्तीलाच, म्हणजे बहुतेक वेळा सुनेला, ते पहिला प्रश्न विचारायचे: "घरात म्हातारं मानूस कोन हाये वं माय? त्यायले आंघोय कोन घालते?"

घरमालकाला वाटायचं, हे जनगणनेवाले असावेत.

आम्ही दोघं एकाच वाणिज्य महाविद्यालयात होतो. मी लेखाशास्त्र शिकवायचो, ते अर्थशास्त्र. मी नागपूरच्या जुन्या महाल भागातला, आमचे पूर्वज भोसल्यांच्या काळी कारकुनी करायला इकडे आले आणि आम्ही मनाने अजून त्याच काळात आहोत. घोडमारे मौद्याकडच्या एका खेड्यातले, शेतकऱ्याचे. बोलणं गावचंच राहिलं होतं आणि ते त्यांनी वर्गातही बदललं नाही. त्यांचं संशोधन एकाच प्रश्नावर चालायचं. घरातल्या म्हाताऱ्या, आजारी माणसांना सांभाळायचं काम कोण करतं, आणि देशाच्या उत्पन्नात ते कुठेच का धरत नाहीत? पगार देऊन बाई ठेवली की ते उत्पन्न. तेच काम सुनेने केलं की शून्य. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात ही गोष्ट एका परिच्छेदात येते आणि लेखक पुढे सरकतो. घोडमारे त्या परिच्छेदावरून पुढे गेलेच नाहीत.

"हे मोजलं का कोनी?" हे त्यांचं पालुपद. आमचे प्राचार्य निवृत्त झाले तेव्हा भाषणात गहिवरून म्हणाले, "माझ्या आईची शेवटची वर्षं माझ्या पत्नीने काढली. तिचे उपकार मोजता येणार नाहीत." मागच्या रांगेतून आवाज आला, "काहून नाई येनार? रोजचे किती तास जी?"

प्राचार्य चपापले. पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या पत्नीने मात्र शांतपणे मान वळवली आणि म्हणाल्या, "झोपेचे सोडून सगळे हो." त्या दिवशी सगळ्यात जास्त टाळ्या त्यांना पडल्या.

असा माणूस. सगळ्यांच्या घरी जायचा, स्वतःच्या घरी कुणाला बोलवायचा नाही. मधल्या सुट्टीची घंटा झाली की स्कूटरला किक मारून नाहीसा व्हायचा आणि पुढच्या तासाला घामाघूम होऊन उगवायचा. हा दुपारी शेअर बाजार खेळतो असा आमच्या स्टाफरूमचा निष्कर्ष होता. त्यावर मी काही विनोदही केले होते. एक चांगला जमला होता, तो आता सांगवत नाही.

आता उरलेली अर्धी गोष्ट.

त्या काळी आमच्या भागातून एक संशोधन त्रैमासिक निघायचं. लेख आला की संपादक लेखकाचं नाव झाकून तो दोन परीक्षकांकडे पाठवायचे, आणि परीक्षक कोण हेही लेखकाला कळू द्यायचे नाहीत. एका उन्हाळ्यात, घरात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे पडलेले असताना, असा एक लेख माझ्याकडे आला. दुसऱ्याच पानावर पाणी मागितलेलं होतं. नाव झाकून काय उपयोग?

मी ती दोन पानं वाचली, शेवटचं पान उलटून पाहिलं आणि अभिप्राय लिहिला: "विषय महत्त्वाचा आहे. नमुना अपुरा व एकांगी वाटतो. व्याप्ती वाढवून लेख पुन्हा पाठवावा." नमुना म्हणजे पाहणीसाठी निवडलेली घरं. लेख न वाचता अभिप्राय द्यायची वेळ आली की मी दर वेळी हेच लिहायचो; कुठल्याही लेखाला बसायचं. घोडमाऱ्यांविषयी माझ्या मनात द्वेष नव्हता. द्वेष करायचा तरी लेख वाचावा लागला असता.

काही दिवसांनी ते तो कागद घेऊन माझ्याच टेबलाशी आले. चेहरा लग्न ठरल्यासारखा.

"पाहा पाठकजी! विषय महत्त्वाचा आहे म्हनतेत!"

"पण लेख परत आला ना?"

"दुसऱ्या परीक्षकानं नुसती फुली मारली. तो जाऊ द्या. हे जे आहेत न, यायनं बारकाईनं पाह्यलं. आता सांगा, एकांगी म्हंजे काय म्हनाचं असन त्यायले?"

मी चहा ढवळत होतो. ढवळून झाला होता, तरी ढवळत राहिलो. "तुम्ही फक्त बायकांना विचारता," मी म्हणालो. "पुरुषांनाही विचारा, असं असेल."

"बराबर! अन् व्याप्ती?"

"सगळी घरं शहरातलीच आहेत. बाहेरची घ्या."

त्यांच्या लेखात कुठली घरं आहेत हे मला कसं ठाऊक, असं त्यांनी विचारलं असतं तर मी तिथेच सापडलो असतो. त्यांनी नाही विचारलं. ते मान डोलावत होते.

माझ्या तोंडून सहज निघालेल्या त्या दोन वाक्यांवर हा माणूस कामाला लागला. सुट्टी आली की स्कूटर खापरखेड्याला, नाहीतर मौद्याला. वीज केंद्राच्या वसाहतीतली क्वार्टर्स, शेतातली घरं, काही सोडलं नाही. आणि तो अनोळखी परीक्षक हळूहळू त्यांच्या बोलण्यात घरचा माणूस होऊन गेला. "आपले परीक्षक" असंच म्हणायचे. "हे आपल्या परीक्षकायले पटन काय?" "आपले परीक्षक कडक हायेत, पर मानूस सरळ." एकदा तर म्हणाले, "त्यायच्या घरी नक्की म्हातारं मानूस असन. नाई तं विषय महत्त्वाचा काहून म्हनतीन?"

माझी आई तेव्हा घरी होती. अंथरुणातच होती.

एकदा मी त्यांच्याबरोबर खापरखेड्याला गेलो. का गेलो ते विचारू नका. पापी माणूस कधीकधी उगाच देवळापर्यंत जाऊन येतो, तसं. एका क्वार्टरमध्ये धिप्पाड गृहस्थ होते, वीज केंद्रातले ऑपरेटर. पाणी मागून झालं. त्यांच्या बायकोने आणून दिलं आणि ती आत गेली.

"आईचं सारं मीच पाहतो," गृहस्थ छातीवर हात ठेवून म्हणाले. "औषध, पानी, सारं. बायकोवर नाई सोडलं."

"वा गा वा," घोडमारे म्हणाले. "असा पोरगा पायजे. आई चहात साखर किती घेते?"

गृहस्थांनी छताकडे पाहिलं. पंख्याकडे पाहिलं. मग आत हाक मारली, "काय वं, आई चहात साखर किती घेते?"

आतून आवाज आला, "साखर कवाचीच बंद केली डॉक्टरनं! अन् तुमीच रोज पेढे आनून राहिले त्यायच्यासाठी!"

परतताना घोडमारे स्कूटरवर इतके हसले की मला भीती वाटली. मी मागे बसून माझ्या आईच्या चहाचा विचार करत होतो. साखर, दूध, आलं. काहीच आठवेना. मी कधी तो तिला करून दिलाच नव्हता. घरी जाऊन बायकोला विचारलं, तर ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "आई चहा पीत नाहीत. कधीच प्यायल्या नाहीत."

तेव्हा सांगता आलं असतं. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये घोडमारे समोरच बसले होते. मी वर्तमानपत्र उघडलं.

मग ते त्रैमासिक बंद पडलं. आम्ही निवृत्त झालो. घोडमाऱ्यांनी लेख तोवर काही पुन्हा पाठवला नव्हता, कारण त्यांच्या मते आपल्या परीक्षकांचं समाधान होईल इतका नमुना अजून झाला नव्हता. फोनवर एकदा म्हणाले, "संपादकाशी तुमची वळख होती न? आपल्या परीक्षकायचं नाव तेवढं काढून द्या. छापाचं नाई मले. नुसतं दाखवाचं आहे." मी म्हणालो, अशी नावं गुप्त असतात. तेवढ्यापुरता मी नियमाचा पक्का झालो.

गेल्या वर्षी कळलं की त्यांच्या पत्नी गेल्या. मी भेटायला शहराच्या कडेला, बेसाला गेलो. त्यांनी घर बांधलं तेव्हा तिथे आजूबाजूला शेतं होती. आता उंच इमारतींच्या मध्ये ते बसकं घर शोधावं लागलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्या घराचा उंबरा ओलांडत होतो.

बाहेरच्याच खोलीत लोखंडी पलंग होता, दवाखान्यात असतो तसा, बाजूला कठडे असलेला. त्यावरची गादी गुंडाळून ठेवली होती.

"लकवा होता तिले," घोडमारे म्हणाले. "मी नोकरीत होतो तवापासून. दुपारी घरी येऊन कूस बदलून द्या लागे. नाई तं पाठीले जखमा होतेत."

म्हणजे मधल्या सुट्टीत ते इथे येत होते. मला माझा शेअर बाजारावरचा विनोद आठवला, शब्दन् शब्द.

"आम्हाला कधी सांगितलं का नाहीत?"

"कोनी इचारलं नाई जी," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता.

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "हे घर धरलंत ना नमुन्यात?"

"छे! संशोधकाचं सोताचं घर नाई धरत. उत्तर पक्षपाती येते." मग हसले. "आपल्या परीक्षकायनं पहिले तेच पकडलं असतं. पानी घेता न?"

इतक्या वर्षांची सवय. मी नकळत पाहिलं, कोण उठतं. घरात दुसरं कुणी नव्हतं. घोडमारे गुडघ्यावर हात रेटून उठले, भिंतीला धरत आत गेले आणि पेला घेऊन आले. दोन्ही हातांनी धरला होता, सांडू नये म्हणून.

"एक सांगू पाठकजी? लोक हसत माह्यावर. मले समजत होतं. तुमीबी हसले, त्याचं काई नाई. पर त्या एका मानसानं माहं वाचलं. पुरं वाचलं, म्हनून तं त्याले चुका सापडल्या. हिच्या उशापाशी बसून मी लिहून राहिलो होतो न, ते त्याच्यासाठीच. वाटे, कुठंतरी एक जन हाये, त्याले समजते." ते पलंगाकडे पाहत होते. "भेटला असता तं घरी आनलं असतं. मीच उठून पानी देल्लं असतं."

पेला माझ्या हातात होता. वाक्य लहानसंच होतं. घोडमारे, तो माणूस मी; आणि मी वाचलं नव्हतं; मला माफ करा. ते अगदी घशापर्यंत आलं होतं. मी पाणी प्यायलो.

"गार आहे," मी म्हणालो.

"माठ नवा हाये," ते म्हणाले.