टीव्हीचा आवाज कुणी दाबला?

"ज्याच्या नजरेतून मुंगीसुद्धा सुटत नाही, आणि सुटलीच तर ती मुद्दाम सोडून दिलेली असते, असा या शहरातला एकमेव खाजगी गुप्तहेर!" भिंगराव स्वतःची ओळख अशी करून देत. चुकून लागलेल्या फोनवरही देत. दिवसा ते पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात झाकणं नीट बसतात की नाही हे तपासत, पण ते त्यांचं वेषांतर होतं. इतक्या वर्षांत त्यांचा तिथे कुणालाही संशय आला नव्हता. उलट दोनदा बढती मिळाली होती.

भिंगराव हे नाव पडलं ते मेव्हण्यामुळे. मेव्हण्याचं चष्म्याचं दुकान होतं. तिथून भावोजींनी 'तपासापुरतं' म्हणून एक भिंग नेलं, ते परत आलं नाही. पुढे त्यांनी मेव्हण्यालाही तपासापुरतं नेलं. तोही अजून परत आलेला नव्हता.

म्हणून त्या रविवारी दुपारी, दुकान बंद करून जरा आडवं व्हावं या बेतात असताना, मेव्हण्याला फोन आला.

"मेव्हणे, निघा. मावशींकडे गंभीर प्रकार घडलाय. आवाज दाबला गेलाय."

"कुणाचा?"

"टीव्हीचा."

मेव्हणा निघाला. मावशी म्हणजे त्याची आणि ताईची सख्खी मावशी, ताई म्हणजे भिंगरावांची बायको. तेव्हा न जाऊन चालण्यासारखं नव्हतंच.

प्रकार असा होता. मावशींच्या मुलीला घरात सगळे टिटवी म्हणत. लहानपणी ती रडायला लागली की तीन मजल्यांवरच्या खिडक्या बंद होत. ही टिटवी औषध कंपनीतली चांगली नोकरी सोडून चित्रपटांना आवाज द्यायला गेली, तेव्हा तिचे वडील, म्हणजे काका, तिला म्हणाले, "लोकांची पोरं तोंड दाखवून नाव काढतात, तू तोंड लपवून काढणार?" झालं. वर्ष होत आलं, बापलेकीत शब्द नाही. आणि आता टिटवीचा पहिला चित्रपट आला होता, प्राण्यांचा, कार्टूनचा. त्यात आपण कोणता प्राणी आहोत हे तिनं सांगितलं नव्हतं. "आई, ऐकून ओळख. पाचला फोन करते," एवढंच म्हणाली होती.

आणि मावशींच्या टीव्हीतून तर हूं की चूं येत नव्हतं.

"जुना रिमोट बादलीत पडला, साबणाच्या पाण्यात," मावशी सांगू लागल्या. "मग दुकानदारानं ही नवी इंटरनेटची काडी टीव्हीच्या कडेला खोचून दिली, तिच्याबरोबर हा छोटा रिमोट. चित्र येतं, पुढे जातं, मागे जातं, सगळं होतं. आवाज तेवढा शून्यावर अडकलाय."

"टीव्हीच्या मागे बटणं असतील की," मेव्हणा म्हणाला.

"भिंतीला इतका चिकटवलाय की बोट जात नाही."

"मग माझ्या फोनवर बघूया ना चित्रपट?"

"मेव्हणे!" भिंगराव गरजले. "पुराव्याला पर्याय देणं हा पुराव्याशी छेडछाडीचाच प्रकार आहे. खिशात ठेवा तो फोन."

काका खुर्चीत बसून खिडकीबाहेर बघत होते. आपला या सगळ्याशी काही संबंध नाही असं दाखवायला माणूस जितक्या जोरात बाहेर बघतो, तितक्या जोरात.

मेव्हण्यानं पडद्यावरच्या सूचना वाचल्या. गोष्ट अवघड दिसत नव्हती. सेटिंगमध्ये जायचं, टीव्ही कुठल्या कंपनीचा ते निवडायचं, मग आवाज वाढवायचं बटण दाबायचं. पडदा विचारतो, आवाज वाढला का? हो म्हणायचं की जुळला रिमोट. नाही म्हटलं तर तो पुढचा संकेत घेऊन येतो.

"अर्ध्या मिनिटाचं काम आहे, भावोजी."

"सामान्य माणसाला तसं वाटतं," भिंगराव म्हणाले आणि टीव्हीच्या बरोबर पुढ्यात, पडद्याकडे पाठ करून उभे राहिले. "गुप्तहेर पुराव्याकडे पाठ करतो आणि संशयितांकडे तोंड. हा माझा नियम आहे. हं, आता दाबा."

भिंगरावांचा देह पुठ्ठ्याच्या मोठ्या खोक्याच्या घडणीचा होता. मेव्हणा मान वाकडी करून त्यांच्या कान आणि खांद्याच्या मधल्या फटीतून पडदा वाचू लागला. कंपनीचं नाव टीव्हीच्या कोपऱ्यात ठळक छापलेलं होतं, ते त्यानं निवडलं आणि बटण दाबलं. शांतता. नाही. पुढचा संकेत. शांतता. नाही. पुढचा.

"कंपनीचं नाव खोटं आहे," भिंगरावांनी निदान केलं. "हा टीव्ही तोतया आहे. दुसऱ्याच्या नावानं वावरतोय."

मग यादीतली एकेक कंपनी झाली. ज्या टीव्ही बनवतात त्या झाल्या, पंखे बनवतात त्याही झाल्या. टीव्ही मुका तो मुकाच.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरून घर्रर्र असा आवाज आला. भिंगरावांचे कान टवकारले.

"वर कोण राहतं?"

"दातांचे डॉक्टर. घरातच दवाखाना आहे," मावशी म्हणाल्या.

"सापडला! इथे आवाज नाहीसा होतो आणि वर आवाज होतो. इथला आवाज तो वर खेचतोय!" त्यांनी मेव्हण्याच्या हातून रिमोट घेतला, प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि जिना चढून गेले.

ते परत आले तेव्हा त्यांचा डावा गाल फुगला होता.

"डॉक्टव निव्दोष आहे," ते म्हणाले.

"भावोजी, हे काय झालं?"

"उलटतपासणी चालू होती. मी म्हटलं, तोंड उघडा. तो म्हणाला, आधी तुम्ही उघडा." त्यांनी गाल दाबून पाहिला. "दाढ किडली होती म्हणे. जीभ बधिव झालीय. पण डोकं चालू आहे!"

ते पुन्हा टीव्हीसमोर आपल्या जागी उभे राहिले, रिमोट पिशवीतून काढून मेव्हण्याला दिला आणि दोन्ही हात पाठीमागे बांधले. मेव्हणा एक पाऊल मागे सरकला. हात मागे बांधले की भावोजी कुणावर तरी आरोप करतात, आणि तो कुणीतरी नात्यातलाच असतो, हे त्याला अनुभवानं माहीत होतं.

"गुन्हेगाव याच खोलीत आहे!"

"कुठलं गाव म्हणालात, जावईबापू?" मावशींनी विचारलं.

"गाव नव्हे, गुन्हेगाव!"

"तेच विचारतेय. कुठं आलं हे?"

"गुन्हेगार म्हणतायत ते," मेव्हणा पुटपुटला.

भिंगराव वळले. त्यांच्या हातातलं भिंग खुर्चीच्या दिशेनं उगारलं गेलं. "काका! जुना विमोट बादलीत पडण्याआधी टीव्हीचा आवाज शून्यावव कुणी नेला?"

काकांनी खिडकीबाहेर बघणं थांबवलं.

"मी नेला," ते म्हणाले.

मावशींच्या हातातला पदर सुटला. मेव्हण्याचा अंगठा बटणावर तसाच राहिला. भिंगराव स्वतःच सगळ्यात जास्त दचकले होते, कारण आजवर त्यांच्या प्रश्नाला कुणी कबुली दिलेली नव्हती. पुढे काय विचारायचं असतं हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"बवं," ते चाचरत म्हणाले. "मग... का?"

काकांनी चष्मा काढून पुसला. "ही स्वयंपाकघरात फोनवर पोरीशी बोलते. बोलणं ऐकू यायचं नाही. म्हणून टीव्ही बंद केल्यासारखा करायचो. कळावं, बरी आहे का. कामं मिळतायत का." त्यांनी चष्मा पुन्हा घातला. "एकदा असाच आवाज शून्यावर नेऊन ठेवला, आणि त्याच दिवशी रिमोट बादलीत पडला. आता तिचा चित्रपट दोनदा बघितलाय मी. नुसता. ती हरणी असणार. मान तशीच वेळावते."

मावशी उठल्या आणि काकांच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसल्या. भावोजींच्या इतक्या तपासांत पहिल्यांदाच काहीतरी खरं हाती लागलं होतं, आणि ते सापडायला नको होतं असं मेव्हण्याला वाटत होतं. घड्याळात पाच वाजायला थोडाच वेळ उरला होता. काय करावं ते न सुचून तो आपला पुन्हा पहिल्या कंपनीपासून बटण दाबत राहिला. नाही. पुढचा. नाही. पुढचा.

अशात दार उघडून ताई आली. भिंगरावांना न्यायला आली होती, कारण घराची किल्ली त्यांच्या खिशात होती. आत येऊन ती बाकावर टेकली, सगळ्यांचे चेहरे बघितले, मग टीव्हीकडे बघितलं.

"अहो, जरा बाजूला सरका. काही दिसत नाहीये."

"मी इथे पुवाव्याकडे पाठ..."

"पाठ दिसतेय मला. सरका."

बायकोच्या या स्वरापुढे भिंगरावांचा कुठलाच नियम टिकत नसे. ते एक पाऊल डावीकडे सरकले. मेव्हण्यानं बटण दाबून धरलेलं होतंच.

आणि टीव्ही किंचाळला.

एक हत्ती, चार माकडं आणि एक अख्खा वाद्यवृंद एकदम खोलीत घुसल्यासारखं झालं. मावशींनी कान झाकले. वरच्या मजल्यावरचं घर्रर्र थांबलं, आणि कुणीतरी "आई गं!" म्हणून ओरडलं. मेव्हण्यानं घाईघाईनं आवाज खाली आणला, पडद्याला 'हो' म्हणून सांगितलं, आणि मग वाकून टीव्हीच्या खालच्या काठाकडे बघितलं. तिथे एक छोटासा काळा डोळा होता. मघापासून तो भिंगरावांच्या पाठीला न्याहाळत होता.

"भावोजी," तो सावकाश म्हणाला, "बाकीची बटणं त्या काडीशी बिनतारी बोलतात. त्यांना मध्ये काहीही आलं तरी चालतं. आवाजाचं बटण मात्र सरळ या डोळ्यात बघून बोलतं. आणि मध्ये..."

सगळ्यांनी मध्ये काय होतं ते बघितलं.

"म्हणजे गुन्हेगाव हेच," मावशी म्हणाल्या.

भिंगरावांनी भिंग खिशात टाकलं. "मी पहिल्यापासून सांगत होतो, गुन्हेगाव टीव्हीच्या अगदी जवळ आहे. एवढ्या जवळ की कुणालाच दिसत नाही. तुम्ही माझ्याकडे नीट लक्ष दिलं असतं तव..."

"आधी किल्ली द्या," ताई म्हणाली.

पण आता त्यांच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. चित्रपट सुरू झाला होता. हरणी बोलली. काका पुढे झुकले. मावशींनी मान हलवली, ही नव्हे. चिमणी बोलली. नव्हे. माकडाची आई बोलली. तीही नव्हे.

मग झुडपातून एक म्हातारं कासव बाहेर आलं. त्यानं आधी दोनदा घसा खाकरला, मग नाकातून एक उसासा सोडला आणि खर्जात म्हणालं, "मी आपला सांगून ठेवतो. ऐकायचं का नाही ते तुमचं तुम्ही बघा."

मावशींनी हळूच मान वळवून काकांकडे बघितलं. ताईनं बघितलं. मेव्हण्यानंही बघितलं. हे वाक्य, हे खाकरणं, तो नाकातला उसासा या घरात रोज ऐकू येई, आणि हे सगळं टीव्हीतून येत नसे.

काका आ वासून बसले होते. कासव पुढे निघालं. वाटेत भेटेल त्याला उपदेश करत, कुणी ऐकत नाही म्हणून कुरकुरत, आणि संकट आलं की सगळ्यांत आधी आपली पाठ पुढे करत.

"ही..." काका म्हणाले. "ही माझीच नक्कल करतेय."

"करतेय," मावशी म्हणाल्या.

"हुबेहूब आहे का?"

"तुमच्यापेक्षा बरी आहे."

काकांना हसू आलं. ते लपवायला त्यांनी तोंडावर हात धरला, पण खांदे हलायचे ते हललेच. मग कासव एका डबक्यात पडलं आणि तिथूनही सल्ले देत राहिलं, तेव्हा त्यांनी हातही काढला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मावशी तर कधीच्या हसत होत्या.

फोन वाजला. पाच झाले होते. मावशींनी फोन उचलायला हात पुढे केला, पण त्याआधीच काकांनी तो उचलला होता. पलीकडून टिटवी म्हणत होती, "आई? ओळखलंस का गं?"

काकांनी दोनदा घसा खाकरला.

"आई नाही. कासव बोलतंय."

पलीकडे आधी हसू. मग रडू. मग दोन्ही एकदम, इतक्या मोठ्यानं की फोन कानापासून लांब धरावा लागला.

काका फोन लांबच धरून ओरडले, "जेवलीस का?"