अंतर्मुख डोळ्याची फाइल

डोळा बघण्यासाठी असतो हे खरं, पण डोळ्याबद्दलचा निर्णय बघून घेतला जात नाही. तो कागदावरून घेतला जातो, आणि तेच योग्य आहे.

छकीच्या आईला हे ठाऊक नव्हतं. छकी पाच वर्षांची. तिचा एक डोळा नाकाकडे वळायचा. डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, "इंजेक्शनने स्नायू सैल पडतो, काम झटपट, पण पुन्हा द्यावं लागू शकतं. ऑपरेशनमध्ये स्नायू सरकवतो. पसारा जास्त, पण सहसा टिकतं. काहीही करू, पण लवकर. नाहीतर तो डोळा बघणंच विसरेल."

इतक्या सोप्या गोष्टीवर रुग्णालयाचा विश्वास बसेना. तुलना समिती नेमली गेली (सदस्य नऊ, चष्मे अकरा), आणि तिचा निकाल लागेपर्यंत दोन्ही उपचार बंद झाले. समितीने सुई आणि सुरी यांची लांबी, धार आणि कपाटात लागणारी जागा तपासली. सुई एका गुणाने पुढे होती. अध्यक्षांना सुईची भीती वाटत असल्याने तो गुण कापला. 'वाट पाहणे' हा तिसरा उपचारही अभ्यासला गेला. त्यात एकदाही टाका पडला नाही की रक्त आलं नाही. छकी त्या गटात होती.

चौथ्या महिन्यात मुख्य कारकुनांना 'आत वळलेला' हे शब्द गावठी वाटले. (भाषेवर त्यांचा फार जीव, माणसांसाठी वेळ पुरत नसे.) त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं, 'रुग्ण अंतर्मुख'. फाइल अर्थातच मानसोपचार विभागात गेली. तीन महिन्यांनी शेरा आला: 'अंतर्मुखता हा दोष नसून गुण आहे. उपचारांची गरज नाही. मुलीचे अभिनंदन.'

आई पत्र घेऊन खिडकीशी गेली. "अहो, माझी मुलगी दिवसभर बडबडते. डोळा वळलाय हो तिचा. एकदा बघा तरी."

"अभिनंदनाविरुद्ध अर्ज करता येत नाही, बाई," कारकून मान वर न करता म्हणाले.

"आई, मी पहिली आले का?" छकीने विचारलं. आईला रडूच फुटलं.

त्याच दुपारी डॉक्टरीणबाईंनी छकीचा चांगला डोळा झाकला आणि भिंतीवरचं सगळ्यात मोठं अक्षर ओळखायला सांगितलं.

"कुठंय?" छकी म्हणाली.

समितीचा अहवाल मात्र देखणा झाला आहे. पानं दोनशे चाळीस. त्यात छकीचा कोणता डोळा वळतो, उजवा की डावा, हे कुठेच नाही, कारण सात महिन्यांत समितीतल्या एकानेही ते विचारलं नाही.

तुम्ही तरी कुठे विचारलंत?